कागदवाले काय म्हणाले

प्रिय भुंग्या,

पाकिटावरचं माझं अक्षर बघून तुला आधी काळजी वाटली असणार. दर रविवारी सकाळी आपण फोनच्या पडद्यावर समोरासमोर बसून तासभर हात हलवतो, मग हिला एकदम टपालपेटी कुठून आठवली, असं म्हणत तू हे पाकीट बायकोसमोर धरलं असशील. माझी तब्येत ठीक आहे. डावा गुडघा कुरकुरतो, पण तो गेली दहा वर्षं कुरकुरतोच आहे. पत्र लिहिते आहे कारण तुझ्यासमोर बसलं की तू माझा चेहरा वाचतोस, आणि मग जे सांगायचं ते राहतं बाजूला, मी गुडघ्याचं आणि शेजारणीचं सांगून मोकळी होते. कागदावर तुला मध्येच तळहात वर करून मला थांबवता येणार नाही. तेव्हा आज जरा ऐकून घे. ऐकून घे म्हटल्यावर तू कानाकडे बोट दाखवून हसतोस, तसा हसून घे आणि मग पुढे वाच.

तुझ्या लेकीचा परवा फोन आला होता. "आत्या, झाले!" एवढंच ओरडली आणि फोनच तिच्या हातून पडला बहुतेक. 'हातोहात' पुन्हा छापायला लागणारे सगळे पैसे जमले म्हणाली. अकरा दिवसांत! तिने जुन्या अंकाची पानं कॉम्प्युटरवर टाकली, तुझ्या हातांची छोटीशी फिल्म केली, आणि कुठकुठच्या माणसांनी, ज्यांनी आपल्याला जन्मात पाहिलेलं नाही, त्यांनी घरबसल्या पैसे पाठवले. मला आनंद झालाच. पण खरं सांगते, जरासा रागही आला. आपल्याला त्याच पुस्तकासाठी सव्वा वर्ष लोकांचे उंबरे झिजवावे लागले होते आणि ही पोरगी अकरा दिवसांत मोकळी! मग फोन ठेवल्यावर मी कपाटातून आपला जुना अंक काढला आणि दुपारभर तो मांडीवर घेऊन बसले. वाचला नाही. नुसती बसले.

बाइंडरकाकांची मागची खोली आठवते तुला? खळीचा तो आंबूस वास, कागद कापायच्या यंत्राखाली पडलेल्या पट्ट्यांचा ढीग, आणि त्या ढिगावर मांडी ठोकून बसलेला तू. तू एकोणीस वर्षांचा होतास, मी चोवीस. मी विमा कंपनीत टाइप करायचे आणि सुटल्यावर तुला घ्यायला तिथे यायचे. तू चित्र काढताना गुणगुणायचास. लहानपणापासूनची सवय, तुला ती माहीतही नव्हती. चौथ्या वर्षी तापात कान गेले तरी घशातला तो भुंगा राहिला. मी रस्त्यावर असतानाच मला तो ऐकू यायचा आणि कळायचं, आज काम मनासारखं चाललंय.

पुस्तकाची कल्पना नेमकी कोणाची, यावर पुढे खूप वाद झाले. काका म्हणायचे त्यांची, नर्सबाई म्हणायच्या त्यांची. मला आठवतं ते असं. नर्सबाई त्यांच्या कवितांची वही बांधून घ्यायला आल्या होत्या, तू त्या वहीच्या कोऱ्या पानावर न विचारता चित्र काढलंस, आणि चिडण्याऐवजी त्या म्हणाल्या की याच्याखाली माझ्या भाषेत चार ओळी लिहिते. काका म्हणाले, मग मी माझ्या भाषेत लिहितो. मी आपल्या भाषेत लिहिलं. शाळेत भूगोल शिकवणाऱ्या बाई नकाशे चिकटवून घ्यायला आल्या होत्या, त्यांनी त्यांच्या भाषेतलं लिहिलं. एक चित्र आणि खाली चार भाषा. सगळे खूश. आणि भूगोलाच्या बाईंनी चष्म्यावरून बघत विचारलं, "चित्र ज्याचं आहे, त्याची भाषा कुठाय?" त्या दिवशी तू पहिल्यांदा स्वतःचे हात कागदावर काढलेस. 'घर' म्हणताना हात कसे होतात, 'वाट', 'भूक', 'उद्या'. पाचवी भाषा. नावाचं भांडण तर महिनाभर चाललं. काकांना 'पाच मुखे' हवं होतं; तू तोंडावर हात ठेवून मान हलवलीस, माझं तोंड यात कुठे आलं म्हणून. शेवटी 'हातोहात' ठरलं, आणि काका म्हणाले की नावासारखं खपलं तर माझं नाव बदलून ठेवा.

मग सुरू झाली आपली वणवण. नमुन्याची एकच प्रत, मी तिला साडीच्या जुन्या पदरात गुंडाळून न्यायचे. तू आणि मी पुढे, काकांनी दिलेलं पावतीपुस्तक तुझ्या खिशात. मी बोलायचे आणि तू तेवढ्या वेळात समोरच्या माणसाचं चित्र काढून त्याच्यापुढे ठेवायचास. औषधवाल्याने स्वतःची हनुवटी चित्रात बघून आधी मान हलवली आणि मग दोन प्रतींची वर्गणी दिली. दातांच्या डॉक्टरांनी दहा प्रती नोंदवल्या. "माझ्या खुर्चीत बसलेल्या माणसाला काही बोलता येत नाही, त्याला हे हातांचं शिकवून ठेवलं पाहिजे," म्हणाले. ड्रायव्हिंग शाळेच्या मालकांनी जाहिरात दिली, पण अट घातली की 'थांबा'ची खूण ठळक काढायची. बँकेतले साहेब मात्र अर्धा तास आपला अर्ज उलटापालटा करत राहिले. साहित्य, कला आणि समाजसेवा असे तीन चौकोन होते आणि आपण त्यांच्या कुठल्याच चौकोनात बसत नव्हतो. ते बिचारे खरंच दुःखी झाले होते. आपल्याला पैसे नाही देता आले, तर बाहेरपर्यंत सोडायला आले.

आणि त्या क्लबच्या बाई! त्या सगळा खर्च द्यायला तयार होत्या. फक्त मुखपृष्ठावर 'दुर्दैवी मुलांच्या मदतीसाठी' असं छापायचं. मी ते तुला तिथल्या तिथे, त्यांच्या गुबगुबीत सोफ्यावर बसून, शब्द न् शब्द सांगितलं. तू शांतपणे पेन्सिल काढलीस आणि त्या बाईंचं एक सुंदर, अगदी हुबेहूब चित्र काढून खाली लिहिलंस, 'सुदैवी बाई'. आपण जिन्यात बसून हसलो होतो, मला उठता येईना. तेव्हा मी तुला सगळं सांगायचे. लोक तुझ्यादेखत तुझ्याबद्दल काय बोलतात, कीव, टोमणे, एकदा तर शिवीसुद्धा. तू बजावलं होतंस मला, गाळायचं नाही. आईला तुझ्याशी बोलायला जेव, झोप आणि नको एवढ्याच खुणा येत होत्या. बाकी सगळं जग तुझ्याकडे माझ्या हातांतून यायचं, आणि मला त्याचा केवढा अभिमान होता, हे तुला कधी सांगितलं नाही.

वर्ष होत आलं तसं हसू कमी झालं. जमलेले पैसे चित्रांच्या ठशांत आणि छपाईच्या आगाऊ रकमेत गेले, आणि कागदाचे भाव एकाएकी चढले. वर्गणीदार रस्त्यात अडवायला लागले. दातांचे डॉक्टरही "झालं का?" असं नुसतं भुवयांनी विचारायचे. नर्सबाईंची बदली व्हायची होती, त्यांना जायच्या आधी आपल्या ओळी छापलेल्या बघायच्या होत्या. काकांनी तर कापायचं यंत्र गहाण टाकायची भाषा सुरू केली. आणि मग एके दिवशी तेच म्हणाले, कागदवाल्यांकडे जाऊन बघा, माणूस तिरसट आहे पण कागद ओळखतो, आणि माणूसही ओळखतो.

पुढची गोष्ट तू सांगतोस. शाळेतल्या मुलांच्या दर वर्षीच्या नव्या तुकडीला तू ती सांगतोस, तुझ्या लेकीला लहानपणी झोपवताना सांगायचास, माझ्या सत्काराच्या दिवशी सगळ्यांसमोर सांगितलीस. तुझ्या हातांत ती फार देखणी दिसते. ते उंच गोदाम, छतापर्यंत रचलेली कागदाची रिमं, वरच्या काचेतून पडणारा उजेड. तू एक कागद त्या उजेडात धरून बघतोस आणि कागदवाले दुरून तुझ्याकडे बघतात. मग ते नमुन्याची प्रत घेतात, एकेक पान उलटतात. हातांच्या पानावर थांबतात. स्वतःच्या जाड बोटांनी 'घर' करून बघतात, चुकतात, तू पुढे होऊन त्यांचा अंगठा नीट वळवून देतोस. ते हसतात. माझ्याशी बोलायला लागतात. बोलता बोलता तुझ्याकडे बोट दाखवतात. आणि मग तुझी ताई तुझ्याकडे वळून हातांनी सांगते, कागद मिळाला! सगळा! तू उडी मारून त्या तिरसट माणसाच्या गळ्यात पडतोस आणि त्यांचा चष्मा रिमांच्या मागे जातो. इथे मुलं हसतात. चष्मा शोधायचा अभिनय तू दर वर्षी वाढवत नेला आहेस.

बाहेर आल्यावर तू मला विचारलं होतंस, त्यांनी माझ्याकडे बोट दाखवलं तेव्हा काय म्हणाले? मी सांगितलं, तुझी चित्रं फार आवडली म्हणाले. ते खोटं नव्हतं. पण ते वाक्य तिथे संपत नव्हतं, भुंग्या. ते काय म्हणाले, ते मला अजून त्यांच्या आवाजात ऐकू येतं. ते म्हणाले, "बाई, पुस्तक चांगलं आहे, पण पुस्तकं येतात आणि जातात. हा मुलगा रोज रोज येत नाही. माझा मेहुणा राजधानीत चित्रकलेच्या महाविद्यालयात शिकवतो. तिथे ऐकू न येणारी दोन मुलं आहेत, त्यांच्यासाठी खुणांचा मास्तर आहे. याला मी पाठवतो. चार वर्षांचा राहण्याजेवण्याचा खर्च माझा. पण मी काही टाकसाळ उघडलेली नाही. कागद आणि हा मुलगा, दोन्ही मला झेपायचं नाही. त्याला विचारा. तो म्हणेल तसं करू."

त्याला विचारा, असं म्हणाले ते. तुझ्याकडे बोट दाखवून.

आणि तू माझ्याकडे बघत होतास. मी किती वेळ थांबले असेन? तुझ्या गोष्टीत तर मी लगेच वळते. मला वाटतं मी दोन-तीन श्वास थांबले. त्या तेवढ्या वेळात माझ्या मनात काकांचं यंत्र आलं, नर्सबाई आल्या, रस्त्यात अडवणारे वर्गणीदार आले. हे सगळं मी स्वतःला पुढे अनेकदा सांगितलं, आणि हे सगळं खरंही आहे. पण त्याच्याही आधी जे आलं ते आज लिहिते. पुस्तकात माझ्या चौदा ओळी होत्या. माझं नाव पहिल्यांदा छापून येणार होतं. आणि दुसरं, त्याहून खोल. तू गेलास तर मी कोणाशी बोलणार होते? मला ऐकू येत होतं, बोलता येत होतं, आणि सबंध घरात, ऑफिसात, त्या गावात मी ज्याच्याशी खरं बोलायचे असा तू एकटा होतास. लोक म्हणायचे, बिचारा, ताईवाचून त्याचं पान हलत नाही. ते उलटं होतं. म्हणून मी वळले आणि माझ्या हातांनी तुला सांगितलं की कागद मिळाला. तोंडानेही मी 'कागद' एवढंच म्हणाले. तू त्यांच्या गळ्यात पडलास, आणि कागदवाल्यांना वाटलं हे तुझं उत्तर आहे.

एवढ्यावर थांबलं असतं तर कदाचित मी स्वतःला माफ केलं असतं. पण प्रकाशनाच्या दिवशी, शाळेच्या हॉलमध्ये, तू मुलांच्या गराड्यात सह्या करत असताना ते माझ्याजवळ आले. नवीन चष्मा घातला होता. हळूच म्हणाले, "त्याला जायचं नव्हतं का हो? मला वाटलं होतं, हा मुलगा निघेल." आणि मी म्हणाले, "तो नको म्हणाला. घर सोडून राहवणार नाही त्याला." तू कधी न केलेला नकार मी तुझ्या हातांत घातला. ते "बरं" म्हणाले, तुझ्याकडे खूप वेळ बघत राहिले आणि निघून गेले. तू त्यांना दुरून 'घर' करून दाखवलंस, आठवतं? त्यांनीही केलं, या वेळी अंगठा बरोबर. ते पाहून मला हॉलबाहेर जावं लागलं. तुला वाटलं मी आनंदाने रडते आहे.

पुढचं तुला माहीत आहे. दोन अंक निघाले, तिसऱ्याला पैसे उभे राहिले नाहीत. नर्सबाई बदलून गेल्या, काका थकले. तू पाट्या रंगवायला लागलास. बेकरी, सायकल दुरुस्ती, वकील, शिंपी, अर्धं गाव तुझ्या अक्षरांत वाचता यायचं. मग तुझ्याच जुन्या शाळेत चित्रकला शिकवायला लागलास आणि तिथे तुला तुझी बायको भेटली. चांगलं आयुष्य झालं, असं तू म्हणतोस. मीही माझ्याशी तसंच म्हणत आले. राजधानीला गेला असता तर शिवणकाम शिकवणारी ती हसरी मुलगी याला भेटली नसती, ही पोरगी झाली नसती. हे म्हणून बघितलं की दोन दिवस बरं वाटतं. तिसऱ्या दिवशी कुठल्या तरी प्रदर्शनाचं बोलावणं येतं, मी भिंतीवरची मोठमोठी चित्रं बघते, आणि त्यात तुझं चित्र कसं दिसलं असतं याचा हिशोब माझं मन आपोआप करायला लागतं.

आणि मी काय झाले? दुभाषी. बत्तीस वर्षं कोर्टात, दवाखान्यांत, ऐकू न येणाऱ्या माणसांच्या शेजारी उभी राहून मी त्यांचं जगाला आणि जगाचं त्यांना सांगत आले. सत्काराच्या वेळी न्यायाधीश म्हणाले की या बाईंनी कधी एक शब्द गाळला नाही. टाळ्या झाल्या. तू सगळ्यात जोरात हात हलवत होतास. त्यानंतर लगेचच तू उठून कागदवाल्यांची गोष्ट सांगितलीस आणि ती लोकांना बोलून दाखवायला शेजारी मीच उभी होते. तू म्हणालास, 'आणि माझी ताई वळली.' मी माइकमध्ये म्हणाले, "आणि माझी ताई वळली."

आता का सांगते आहेस, असं तू विचारशील. कागदवाले गेले, काका गेले, हे माहीत असलेलं मी सोडून कोणी उरलेलं नाही. मी गप्प बसले असते तर तुझी ती सुंदर गोष्ट तशीच राहिली असती. पण फोन खाली पडला होता तो उचलून तुझी लेक पुढे म्हणाली की नव्या 'हातोहात'चं प्रकाशन पुढच्या महिन्यात तुझ्या शाळेत आहे. पैसे पाठवणारी पुष्कळ मंडळी येणार आहेत, आणि त्यांना बाबांनी कागदवाल्यांची गोष्ट सांगायची आहे. आत्या, तू बोलून दाखवशील ना, असं विचारलं तिने. तीच गोष्ट नव्या अंकाची प्रस्तावना म्हणून छापायचीही आहे, पाचही भाषांत. मी हो म्हणाले, आणि त्या क्षणापासून मला चैन नाही. बोललेलं विरतं रे, छापलेलं राहतं. माझं खोटं तुझ्या नावावर, पाच भाषांत, तुझ्या लेकीने लोकांकडून मागून आणलेल्या पैशांनी छापलं जावं, हे मला सोसणार नाही. कागदवाल्यांनी मला तुला विचारायला सांगितलं होतं. मी बेचाळीस वर्षं उशिरा विचारते आहे. आता ही गोष्ट तुझी आहे. जुनी सांग, नवी सांग, मला दोष देऊन सांग, किंवा सांगूच नकोस. माझ्या जागी दुसरी दुभाषी हवी असेल तर लेकीला तसं कळव, मी पहिल्या रांगेत बसेन, आणि तिथेही नको असेन तर येणार नाही. पण मी शेजारी उभी असावी असं तुला वाटलं, तर तुझे हात जे म्हणतील ते, माझ्याबद्दल असलं तरी, मी पहिल्यापासून शेवटपर्यंत सगळं बोलेन.

या रविवारी फोन लावत नाही. तू लावशील तेव्हा उचलेन.

तुझीच,
ताई